झाडं बघा, नाहीतर डांबर

तोल सांभाळण्याचा छंद लावून घ्यायचा, तर स्लॅकलाइन, म्हणजे दोन झाडांमध्ये ताणून बांधलेला चालायचा पट्टा, बरी की एकचाकी सायकल? बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सोपं काय?’ आमचं म्हणणं, आधी घराबाहेर डोकावा. समोरासमोर दोन दणकट झाडं आहेत, की वर्दळ नसलेलं सपाट डांबर?

स्लॅकलाइन पाहून डोंबाऱ्याचा दोर आठवतोच. फक्त त्याच्या हातात लांब काठी असते, इथे मोकळे हात. शिकायला ५० मिमी रुंद पट्टा घ्यावा, झाडांत अंतर ५ ते ८ मीटर, उंची गुडघ्याएवढी. खोड निदान ३० सेंमी जाडीचं हवं. वड, चिंच, आंबा उत्तम. ठिसूळ गुलमोहर नको. ६० किलोचा माणूस ८ मीटर पट्ट्याच्या मधोमध उभा राहिला आणि पट्टा ३० सेंमी खाली वाकला, तर प्रत्येक टोकाला सुमारे ४०० किलोंची ओढ बसते. म्हणजे कुंपणाचा खांब किंवा गच्चीचा कठडा विसरा. सालीभोवती जुन्या सतरंजीची घडी घाला. पट्टा आधी हाताने चांगला ओढून मगच रॅचेट (पट्टा ताणून धरणारा दातेरी खटका) चालवा, नाहीतर त्यावर वेढे साचतात आणि सोडताना ते अडकून बसतं.

पाय ठेवताच पट्टा थडथडा हलतो. दोष पट्ट्याचा नाही. तो एकीकडे सरकला की पाय त्याला उलट ढकलतो, तेही किंचित उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त. गुडघा सैल सोडा, हात खांद्यांच्या वर, नजर समोरच्या बुंध्यावर. चालायची घाई नको. आधी एका पायावर उभं राहता आलं पाहिजे.

सायकलीला झाड लागत नाही, पण उसंतही मिळत नाही. चाक २० इंची घ्यावं. पॅडल तळाला असताना त्यावर टाच टेकून पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट उंच. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. चाक उलटं बसवलं तर चालवता चालवता पॅडल सुटतात आणि क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातात. नवशिके भार सीटऐवजी पॅडलवर टाकतात. मग एक पाय वर, एक खाली अशा जागी चाक अडतं. कठडा धरून अर्ध्या-अर्ध्या फेऱ्या मारा. उतरायचं पुढे, पायांवर. मनगटाला गार्ड हवेतच.

शेजारची पोरं जमणार असतील तर पट्टाच घ्या, पाळी लावून खेळता येतं. रॅचेट मात्र मोठ्यांनीच सोडावं. ताण एका झटक्यात सुटतो, तेव्हा बोटं आणि तोंड लांब ठेवा.