'पर्यंत'ने केलेला घोटाळा

वरिष्ठांना मेल टाकला होता: 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.' उत्तर आलं, 'म्हणजे शुक्रवारपर्यंत रोज पाठवत राहणार का?' मला आधी त्यातली गंमतच कळली नाही. 'टिल' म्हणजे 'पर्यंत', हे शाळेपासूनचं पाठ! पण काम शुक्रवारपर्यंत चालूच राहणार असेल तर 'टिल', आणि तोवर उरकून टाकायचं असेल तर 'बाय'. आपलं 'पर्यंत' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे इथे काही फरक असतो हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

मग जुने मेल काढून बसलो. प्रत्येक चुकीमागे एखादा मराठी प्रत्यय किंवा शब्दयोगी शब्द दडलेला. 'दोन वर्षांपासून' डोक्यात, म्हणून 'सिन्स टू इयर्स'. तिथे 'फॉर' हवं. 'सिन्स' लागतं ते सुरुवात सांगताना, जसं 'सिन्स 2019'. 'त्याच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ', हवं 'टू'. 'विषयाबद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', आणि तिथे तर काहीच नको. 'ने'ची तऱ्हा आणखी निराळी: चाकूने कापलं तर 'विथ', बसने आलो तर 'बाय'.

नियमांचे तक्ते पूर्वीही पाठ केले होते. त्यातला वेळेचा तेवढा कामी आला: घड्याळातल्या वेळेला 'ॲट', वार-तारखेला 'ऑन', महिना-वर्षाला 'इन'. बाकीचे सोडून दिले. वहीत क्रियापद एकटं लिहिणंच बंद केलं. 'डिपेंड' नाही, 'डिपेंड ऑन', 'वेट फॉर', 'लिसन टू'. शेजारी मराठी अर्थ नाही, फक्त स्वतःचं एक वाक्य. पहिले दोन महिने हे फार कंटाळवाणं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मधेच एक सुखद धक्का बसला. 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' यांत मी कायम अडखळायचो. एकदा लक्षात आलं, हा भेद आपल्याकडे आहेच की! गाडी वेळेवर सुटली, आणि आम्ही वेळेत पोचलो म्हणून ती मिळाली.

'इन द कार' पण 'ऑन द बस' का, याचं एक उत्तर सापडलं: ज्या वाहनात उभं राहून चालता-फिरता येतं, त्याला बहुधा 'ऑन'. मला तेवढं पुरलं.

लिहिताना आता चुका सापडतात. बोलताना 'डिस्कस'च्या मागोमाग 'अबाउट' अजूनही तोंडातून निसटतंच.