शोकेसमधून फ्रिजमध्ये

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात परदेशी बाटलीचा प्रवास ठरलेला असतो. भाचा येताना घेऊन येतो, मग ती काही दिवस कपाटात साड्यांच्या मागे राहते, घर जरा धीट झालं की शोकेसमध्ये येते आणि तिथे 'चांगल्या प्रसंगा'ची वाट बघत बसते. व्हिस्कीचं यात काही बिघडत नाही, ती पाच वर्षांनीही तशीच असते. पण हल्ली घरोघरी कॉकटेल करायची हौस आली आहे, गोव्यात तयार होणारी जिन मुंबई-पुण्याच्या दुकानांत सहज मिळते, आणि जिनपाठोपाठ व्हर्मूथची बाटलीही घरात येते. तिलाही आपण त्याच काचेमागे उभी करतो. एकदा उघडून तिथे ठेवलेली व्हर्मूथ दोन-तीन महिन्यांत मेलेली असते, फक्त हे तिच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

कारण व्हर्मूथ ही वाइन आहे. तिच्यात थोडं स्पिरिट घालून ती बळकट केलेली असते आणि औषधी मुळ्या, साली, मसाले मुरवलेले असतात, एवढंच. युरोपीय नियमांप्रमाणे बाटलीत किमान 75 टक्के वाइन लागते आणि अल्कोहोल 14.5 ते 22 टक्क्यांच्या दरम्यान. एवढ्या अल्कोहोलमुळे ती साध्या वाइनपेक्षा जास्त टिकते, पण हवा लागली की हळूहळू उतरतेच.

मसाल्यांची यादी वाचताना मात्र घरच्यासारखं वाटतं. धने, वेलची, लवंग, जायफळ, दालचिनी: यातला निम्मा माल गोड्या मसाल्याच्या डब्यात सापडेल. त्याशिवाय संत्र्याची साल, सिंकोना, जेन्शियनचं कडूजहर मूळ. प्रत्येक घराण्याची यादी वेगळी आणि गुप्त, पण एक वनस्पती सगळ्यांनाच सक्तीची आहे, ती म्हणजे आर्टेमिसिया. चैत्रात आपण जोतिबाला वाहतो तो दवणाही आर्टेमिसियाच. आपल्या दवण्याचा वास गोडसर, तर युरोपातले त्याचे भाऊबंद चांगलेच कडू, पण जुडी चुरगाळल्यावर हाताला जी उग्र, हिरवी झाक राहते तिची आठवण व्हर्मूथच्या पहिल्या घोटाला येते. कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्या माणसाला ती आवडायला काहीच हरकत नाही.

निवडायची कशी, तर आधी ती कुठली हे बघावं. गोड, तांबूस व्हर्मूथ मूळची इटलीतल्या तुरिनची. 1786 मध्ये ती तिथे पहिल्यांदा विकायला काढल्याचं श्रेय अंतोनियो बेनेदेत्तो कार्पानोला देतात. हिचा तांबडा रंग बहुतेकदा द्राक्षाचा नसतोच. आतली वाइन पांढरी आणि रंग जळवलेल्या साखरेचा. साखरही भरपूर, गोड म्हणवून घ्यायला लिटरला निदान 130 ग्रॅम.

कोरडी, म्हणजे ड्राय, फिकट व्हर्मूथ फ्रेंचांची. त्यातली मला सगळ्यात मजेशीर वाटते ती भूमध्य समुद्राकाठच्या मार्सेयां या गावची नोइली प्रा. हे लोक वाइनची लाकडी पिंपं चक्क उघड्या अंगणात वर्षभर ठेवतात, ऊन, वारा, पाऊस सगळं खात. जुन्या काळी गलबतावरून फिरून आलेल्या वाइनला जी चव यायची ती जमिनीवर राहून आणायची खटपट. म्हणून तिला एक खारट, बदामी अंग आहे. डोंगराळ शांबेरीची दोलिन त्या मानाने नाजूक आणि मवाळ.

आपल्या दुकानांत एवढी निवड क्वचितच असते. बहुधा मार्टिनी असते, नशीब असेल तर सिंझानो. त्यात वाईट काही नाही. फक्त मार्टिनी हे कंपनीचंही नाव आणि कॉकटेलचंही, त्यामुळे युरोपात 'एक मार्टिनी' म्हणालात तर बर्फावर ओतलेली नुसती व्हर्मूथ पुढ्यात येण्याची शक्यता असते. खरं तर चांगली व्हर्मूथ ओळखायची पद्धत तीच. बर्फ, संत्र्याची चकती, दुसरं काही नाही. नुसती प्यावीशी वाटली नाही तर ती कॉकटेलमध्येही लपणार नाही, कारण नेग्रोनी या कॉकटेलमध्ये जिन, कांपारी हे लाल, कडू इटालियन मद्य आणि गोड व्हर्मूथ 30-30 मिली, म्हणजे तिसरा हिस्सा तिचाच.

माझं मत विचाराल तर नेग्रोनीसाठी मध्यम, साधी रोसो, म्हणजे गोड तांबडी, बरी. कार्पानोची अँटिका फॉर्म्युला भारी खरी, पण तिचा व्हॅनिला कांपारीच्या अंगावर धावून जातो. ती मॅनहॅटन या कॉकटेलमध्ये राय व्हिस्कीसोबत शोभते. पुंत ए मेस नावाची कडवट भावंडही तिथेच.

ड्राय मार्टिनीची गोष्ट वेगळी. तिच्यात 60 मिली जिनला 10 मिली व्हर्मूथ असं आजचं प्रमाण आहे, आणि शौकीन मंडळी तर व्हर्मूथची नुसती बाटली दाखवली तरी पुरे म्हणतात. मला वाटतं या फुशारकीमागे अनेक ठिकाणी शेल्फवर शिळी झालेली बाटली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोन्ही निम्मी-निम्मी घालायचे, आणि ताज्या बाटलीने तसं करून बघितलं तर जिन एकदम माणसात येते.

तेव्हा ब्रँडपेक्षा आकाराकडे बघावं. मिळाली तर छोटी 375 मिलीची घ्यावी. ड्यूटी फ्रीमधली लिटरची स्वस्त पडते, पण दोन माणसांच्या घरात ती संपत नाही. उघडली की फ्रिजच्या दारात, ताकाच्या शेजारी. सासूबाई विचारतील, तेव्हा काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. निम्मी झाली की लहान बाटलीत भरून ठेवली तर हवा कमी लागते. महिना-दीड महिन्यात संपवायची.

नाहीच संपली तर ड्राय व्हर्मूथ स्वयंपाकात घालवता येते. फ्रेंच लोक माशांच्या सॉसमध्ये ती सर्रास वापरतात. लसूण लोण्यावर परतून तिसऱ्या टाकायच्या, अर्धी वाटी व्हर्मूथ ओतून झाकण ठेवायचं, शिंपले उघडले की वर कोथिंबीर. ओलं खोबरं घालायचा मोह आवरावा. रोसो मात्र या कामाला चालत नाही, कालवण गोड होतं. ती संपवायला कांपारी, बर्फ आणि वरून सोडा हा सोपा उपाय आहे. त्याला इटलीत अमेरिकानो म्हणतात, आणि रविवारी जेवणाआधी तो दोघांत सहज जातो.