आटे पाडायचं पान

टूलरूममधल्या नव्या मुलांसाठी एक पुस्तक निवडून द्या, असं मला सांगितलं होतं. नमुन्याच्या प्रती टेबलावर होत्या. निवड व्हायच्या आधीच त्यातल्या एका पुस्तकाबरहुकूम काम करून एका मुलाचा जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला तुकडा, बाद झाला. तो जॉब अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण मुलगा कुठेच चुकला नव्हता.

लेथवर एम 20 चे, म्हणजे 20 मिमी व्यासाचे, 1.5 पिचचे (शेजारच्या दोन आट्यांत 1.5 मिमी अंतर) आटे पाडायचे होते. टूल सेंटरला बरोबर, 60 अंशाचं गेज लावून सरळ बसवलेलं. पुस्तकात होतं तसा प्रत्येक कट संपला की त्याने हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा नट) सोडला, कॅरेज (टूल घेऊन सरकणारा भाग) मागे नेलं आणि चेजिंग डायलची (नट कधी टाकायचा ते दाखवणाऱ्या तबकडीची) तीच रेघ येताच नट परत टाकला. दुसऱ्या कटाला टूल पहिल्या घळीत न जाता शेजारी उतरलं. तिसऱ्यापर्यंत आट्यांचे माथे कापले गेले होते.

आमच्या त्या जुन्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे कॅरेज सरकवणारा लांब आटेदार दांडा, इंचाचा आहे, इंचाला चार आटे. त्याच्या 30 फेऱ्या होतात तेव्हा कॅरेज 190.5 मिमी सरकतं, आणि 1.5 पिचशी मेळ तेव्हाच बसतो. डायल तिथे कामाचा नाही. नट शेवटपर्यंत सोडायचाच नाही. टूल बाहेर काढायचं, मशीन उलटं फिरवून मागे यायचं, पुढचा कट द्यायचा. पुस्तकात हे होतं. पण कुठे? चेंज गिअरच्या (पिच बदलायला अदलाबदल करायच्या गिअरच्या) प्रकरणात, 127 दात्यांच्या गिअरच्या तक्त्याखाली, बारीक टाइपात. आटे पाडायच्या पानावर त्याचा उल्लेखही नाही. शिकणारा मुलगा समोरचं पान वाचतो. अपवाद नियमाला लागूनच यायला हवा. लिहिणाऱ्याने कधी कुणाला मशीनवर उभं करून शिकवलं असतं तर तो अपवाद तिथेच आला असता.

आमचे जुने टर्नर म्हणाले, पुस्तकाने कुणी कारागीर होत नाही. हे मला पटत नाही. त्यांना जे हाताला माहीत आहे ते ते सांगत नाहीत, म्हणून तर पुस्तक लागतं.

त्यानंतर सगळ्या प्रती मी एकाच पद्धतीने तपासल्या: मला पक्कं येणारं काम उघडायचं आणि ते न येणाऱ्याच्या नजरेने वाचायचं. कटिंग स्पीडच्या तक्त्यात टूल एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) की कार्बाइडचं (त्याहून कडक, जास्त वेग सोसणारं) हे लिहिलंय का? माइल्ड स्टीलला एचएसएसने मिनिटाला 25 ते 30 मीटर, म्हणजे 40 मिमीच्या जॉबला दोनशे ते दोनशे चाळीस आरपीएम; कार्बाइडचा आकडा वाचून एचएसएस चालवलं तर धार क्षणात जळते. पितळेला ड्रिलची धार थोडी मारून घ्यायची, नाहीतर ड्रिल जॉबमध्ये घुसतं, हे आहे का? टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या डायलवरचा आकडा त्रिज्येचा की व्यासाचा हे बघायला सांगितलंय का? बहुतेक पुस्तकं यातल्या एखाद्या ठिकाणी गप्प होती.

खरेदीवाल्यांचा कल जाड पुस्तकाकडे. ‘मशिनरीज हँडबुक’ 1914 पासून निघतंय, त्याच्या तक्त्यांवाचून माझंही पान हलत नाही. पण त्यात आकडा शोधायला काय शोधायचं ते आधी कळावं लागतं. एम 10 ला टॅपिंगआधी (भोकात टॅपने आटे पाडण्याआधी) 8.5 चं ड्रिल, हे तिथे मिळेल. टॅप अडला की उलटा फिरवून चिप तोडायची, हे हाताला शिकवणारं पुस्तक वेगळं.

मी दोन्हींची मागणी लिहून दिली आहे. एकच मंजूर झालं तर शिकवणारं घेईन आणि रोज लागणारे तक्ते छापून मशीनशेजारी लावीन. त्या लेथवर मात्र हाफ नटची सूचना आजच रंगवून घेतली.