तुम्ही विचारलंत म्हणून : पेनल्टी कशी मारावी?

मी फुटबॉलमध्ये गोलकीपर होतो. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, लोक मला विचारतात की पेनल्टी मारायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती. बहुतेक वेळा हा प्रश्न एखाद्या मोठ्या स्पर्धेतलं शूटआउट (सामना बरोबरीत राहिला की दोन्ही संघ आळीपाळीनं पेनल्टी मारतात ते) संपलं की येतो आणि विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं. ‘जोरात वरच्या कोपऱ्यात हाणायचा. कुणाच्या बापाला अडवता येणार नाही. बरोबर ना?’

बरोबर. वरच्या कोपऱ्यात गेलेला चेंडू मी कधीच अडवला नाही. पण त्याच कोपऱ्याच्या नादात क्रॉसबारवरून आकाशात गेलेले चेंडूही मला अडवावे लागले नाहीत, हे कुणी मोजत नाही. १९७६ च्या युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) फायनलमध्ये पश्चिम जर्मनीच्या उली होनेसनं असाच वरून घालवला. लगेच पुढची पेनल्टी चेकोस्लोव्हाकियाच्या पानेंकाची. त्यानं अलगद मधोमध उचलला आणि चेकोस्लोव्हाकिया जिंकली. १९९४ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये इटलीच्या बाज्जिओचा वरून गेला. ही काही शिकाऊ पोरं नव्हती.

दुसरा प्रश्न असतो, ‘पण कीपरला कळतं कसं?’ कळत नाही हो. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच आणि चेंडू ११ मीटरवर. ताशी १०० किलोमीटरनं मारलेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात लाइनवर असतो. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि पोस्टपर्यंत पोचायचं, हे माणसाच्या शरीराला जमणारं काम नाही. म्हणून आम्ही आधीच निघतो. निघायच्या आधी हाताला लागेल ते वाचतो : तो किती तिरका धावत येतोय, कंबर उघडतेय की बंद होतेय आणि शेवटी चेंडूशेजारी टेकलेला पाय. त्या बुटाचं टोक जिकडे, चेंडू बहुतेक तिकडे. सगळ्यात खात्रीची खूण तीच आणि सगळ्यात उशिरा मिळते तीही तीच. शिवाय किक लागेपर्यंत एका पायाचा थोडा तरी भाग लाइनवर ठेवायचा. २०१९ पर्यंत तर दोन्ही पाय ठेवावे लागायचे. हे सगळं पाळून एखादी पेनल्टी अडवली की लोक म्हणतात, मारणाऱ्यानं घाण केली.

असो. मुद्द्यावर येतो.

पेनल्टी मारणाऱ्यांच्या दोन जाती. एक कोपरा आधी ठरवतो आणि कीपर असो वा नसो, तिथंच मारतो. दुसरा धावताना कीपरवर नजर ठेवतो आणि तो हलला की रिकाम्या बाजूला ढकलतो. कित्येक वर्षं मी छातीठोकपणे पहिल्या जातीची बाजू घेत आलो. ठरवा, बदलू नका, कीपरकडे बघू नका. आणि पुरावा म्हणून एकच किक सांगायचो.

क्लब स्पर्धेची सेमीफायनल, शूटआउट, समोरच्यांची शेवटची किक. मारायला आला तो माझा जुना साथीदार. त्याच मोसमात त्यानं क्लब बदलला होता. त्याआधी सराव संपल्यावर आम्ही दोघंच मैदानावर थांबायचो. तो मारायचा, मी अडवायचो. उजव्या पायाचा. बुटाच्या आतल्या बाजूनं, गवताला घासत, माझ्या उजव्या पोस्टलगत. दहातले नऊ तिथंच. मला हे माहीत होतं, मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं आणि हा विचार पुढं कुठवर ताणायचा याला अंत नव्हता. बदलेल? की ‘तो बदलेल’ असं मी धरून चालतोय, असं समजून तो बदलणार नाही?

त्यानं चेंडू ठेवला, व्हॉल्व्ह वर येईल असा फिरवला, पुन्हा फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही. मी ठरवलं : उजवीकडेच जायचं, पण आधी डावा गुडघा वाकवून डावीकडे निघाल्यासारखं करायचं. तो धावत आला. मी डावीकडे झुकलो. त्याचा डावा पाय टेकला, टोक माझ्या उजवीकडे. मी तोवर उजवीकडे हवेत होतो. आयुष्यात याहून चांगली डाइव्ह मी मारलेली नाही, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कारण पुढं काय झालं ते ऐका. चेंडू बोटांना लागला. मधल्या आणि अनामिकेच्या टोकांना, ग्लोव्ह मागं ओढला गेल्याचं कळलं. मग पोस्टच्या आतल्या बाजूचा ठक्क असा आवाज. मी जमिनीवर पडलो तेव्हा जाळी अजून हलत होती आणि माझ्या अंगावरून उडी मारून त्यांची पोरं त्याच्याकडे धावली होती.

बाजू बरोबर, वेळ बरोबर, हात पोचलेला, आणि गोल. ‘वेल ट्राय’ म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

तर ही माझी साक्ष होती. बघा, म्हणायचो, कीपरला सगळं माहीत असतानाही यानं आपला कोपरा सोडला नाही, म्हणून गोल झाला. पोरांना सांगितलं, पालकांना सांगितलं, एका कोचशी या मुद्द्यावर भांडलोसुद्धा.

मग बऱ्याच वर्षांनी तोच साथीदार भेटला. विषय निघणारच होता. मी म्हणालो, ‘तू बदलला नाहीस, म्हणून वाचलास.’ तो हसला. ‘अरे, मी दुसरीकडे ठरवलं होतं. तुला माझी बाजू पाठ होती ना. शेवटच्या पावलाला तू डावीकडे झुकलेला दिसलास, म्हणून नेहमीच्या जागी मारला.’

म्हणजे हुलकावणीला तो फसला होता. मला हवं होतं तिथंच त्यानं मारलं होतं. आणि माझ्या ‘ठरवा, बदलू नका’ची एकमेव साक्ष ही आयत्या वेळी बदललेली किक निघाली. मी त्याला म्हटलं, तुला नीट आठवत नसेल. तो म्हणाला, असेल. खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांतून बघायची सोय माझ्याकडे नाही.

मग काय, कीपरकडे बघून मारणारे बरोबर? तेही म्हणवत नाही. इटलीचा जॉर्जिन्यो घ्या. चेंडूजवळ येऊन ती छोटी उडी, कीपर हलेपर्यंत वाट बघणं. २०२१ च्या युरोमध्ये स्पेनविरुद्ध शेवटची किक अशीच सहज सरकवून त्यानं इटलीला फायनलला नेलं. पाचच दिवसांनी, लंडनच्या त्याच वेम्बली मैदानावर, फायनलमध्ये इंग्लंडचा कीपर पिकफर्डनं त्याचीच अडवली. इटली जिंकली म्हणून ते लोक विसरले. पुढं वर्ल्डकप पात्रता फेरीत स्वित्झर्लंडविरुद्ध दोन्ही सामन्यांत त्याच्या पेनल्टी हुकल्या आणि २०२२ च्या वर्ल्डकपला इटली गेलीच नाही. त्याची पद्धत चुकीची होती? चांगल्या दिवशी त्या पद्धतीपुढं मी पोत्यासारखा पडलो असतो.

आणि २०२२ च्या वर्ल्डकपची फायनल आठवा, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. शूटआउटमधल्या पहिल्या दोन किका. फ्रान्सच्या एम्बापेनं जोरात मारला; अर्जेंटिनाचा कीपर मार्तिनेझ बरोबर बाजूला गेला, हातही लागला, तरी आत. मेसीनं फ्रान्सचा कीपर लोरिस कलंडेपर्यंत धीर धरला आणि दुसऱ्या बाजूला असा हळू सोडला की मागून धावत जाऊन पकडता आला असता. तोही आत. एम्बापेच्या किकला मला माझी बोटं आठवली, हे वेगळं सांगायला नको.

मधोमध मारा म्हणणारेही आहेत. आकडे त्यांच्या बाजूनं आहेत : २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इस्रायली अभ्यासात २८६ पेनल्टी तपासल्या, त्यात कीपर जागेवर थांबले होते जेमतेम ६.३ टक्के वेळा. का थांबत नाही, ते मी सांगतो. उभ्या उभ्या गोल खाल्ला की कीपर झोपला होता म्हणतात. झेप घेऊन खाल्ला की प्रयत्न केला म्हणतात. मीही याच लाजेपोटी कित्येकदा उडालोय. पण मारणाऱ्यालाही तीच लाज असते. मधोमध मारला आणि कीपरनं नुसता पोटाशी धरला, तर तोंड कुठं लपवणार?

आता विचारलंत तर मी पद्धत सांगत नाही, सराव सांगतो. कीपरला कोपरा आधी सांगून मारा. मोठ्यानं, ‘तुझ्या उजवीकडे’ असं म्हणून. तरीही बहुतेक गोल होत असतील तर तुमचा पाय तयार आहे. मग बघून मारा, न बघता मारा, उड्या मारत या. फक्त धाव संपल्यावर थबकून फसवू नका, ते नियमात बसत नाही.

एवढं सांगितल्यावर कुणीतरी हमखास म्हणतं की सरावात आमचा अमुक हे सगळं करतो आणि मॅचमध्ये वरून घालवतो, त्याचं काय? त्याला मी माझ्या साथीदाराचा नंबर देतो. तोही परवा म्हणाला, असल्यांना माझ्याकडे पाठवू नकोस.