छाती तर हलत होती

रात्रपाळी संपवून घरी आले आणि रागाच्या भरात पहिली पोस्ट लिहिली. ‘माणूस गेल्यावरही डॉक्टर त्याला व्हेंटिलेटरवर ठेवतात’ हा मेसेज त्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. मी लिहिलं, हे अशास्त्रीय आहे, अफवा पसरवू नका. आयसीयूतल्या सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. ज्यांच्यासाठी लिहिलं होतं, त्यांना काही ते पटलं नाही.

खाली एका मुलीची कॉमेंट होती: ‘बाबा गेले असं सांगितलं तेव्हा त्यांची छाती तर हलत होती. मी डोळ्यांनी पाहिलंय.’

यावर काय म्हणणार? तिने पाहिलं ते खरंच होतं.

दोन दिवस विचार करून पुन्हा लिहायला बसले. या वेळी सुरुवात हलणाऱ्या छातीपासून केली. व्हेंटिलेटर दाबाने हवा आत ढकलतो, एवढंच त्याचं काम. हृदय तो चालवत नाही. हृदय थांबलं की फुप्फुसांत रक्त पोचत नाही, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शून्याकडे जातो. शरीर गार पडतं, काही तासांत ताठरतं. यंत्र कितीही चालवा, हे थांबत नाही. पण बंद करेपर्यंत छाती वरखाली होत राहते.

मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबणं, समजावणं मात्र फार अवघड गेलं. तिथे हृदय खरोखरच धडधडत असतं. त्याची विद्युतप्रेरणा त्याच्यातच तयार होते, प्राणवायू मिळाला की ते काही काळ चालतं. म्हणून आम्ही बुबुळं प्रकाशाला प्रतिसाद देतात का, नळीतून कफ ओढताना खोकला येतो का, हे पाहतो. शेवटी प्राणवायू चालू ठेवून यंत्राचे श्वास थांबवतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढूनही रुग्ण स्वतःहून एकही श्वास घेत नाही, तेव्हाच निदान पक्कं होतं. हा भाग मी चारदा लिहिला आणि दर वेळी वैद्यकाशी संबंध नसलेल्या भावाला वाचायला दिला. तो जिथे अडखळला, तिथे वाक्य बदललं.

‘व्हेंटिलेटर लागला की माणूस परत येत नाही’ हा समज खोडायला १९५२चं कोपनहेगन कामी आलं. पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला आणि अनेक जण वाचले.

‘हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका’ या फॉरवर्डमध्येही खऱ्याचा एक कण आहे. मॉनिटरवर असलेल्या रुग्णाच्या हृदयाची लय अचानक बिघडली, तर डॉक्टर समोर उभे राहून त्याला खोकायला सांगतात. त्याने काही क्षण शुद्ध टिकू शकते. घरी एकट्याने खोकत बसण्यात मात्र अँब्युलन्स बोलावण्याची वेळ निघून जाते. हे लिहिताना मला खरोखर भीती वाटत होती.

मेसेजमध्ये रिपोर्ट पाठवणाऱ्यांना मी निदान सांगत नाही. रुग्णाला पाहिल्याशिवाय बोलणं धोक्याचं आहे.

त्या मुलीने दुसरी पोस्ट वाचली. तिने लिहिलं, ‘हे तेव्हाच कुणी का सांगितलं नाही?’

आता कुणी गेल्याचं सांगायची वेळ आली की मी आधी नातेवाइकांना खाटेजवळ नेते. मॉनिटरवरची सरळ रेघ दाखवते आणि सांगते, यंत्र बंद करेपर्यंत छाती हलताना दिसेल, तो श्वास त्यांचा नाही. मग ते तयार होईपर्यंत थांबते.