लाकडी, ॲल्युमिनियम की रोलर? स्क्रीन फ्रेम निवडताना ताणाचा हिशेब

स्क्रीन प्रिंटिंगच्या चार रंगांच्या कामात तिसरा रंग डावीकडे अगदी बरोबर बसतो आणि उजवीकडे अर्धा मिलिमीटर सरकतो. मग प्रेसचे स्क्रू फिरवले जातात, डिझाइनची फिल्म पुन्हा काढली जाते, शाई बदलून पाहिली जाते. फ्रेमकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. खरं तर ती आधी तपासायला हवी, कारण फ्रेम वाकडी किंवा ढिली असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

फ्रेमचं काम एकच: जाळीचा ताण धरून ठेवणं, आणि तोही सपाट पातळीत. हा ताण किती मोठा असतो याचा बऱ्याच जणांना अंदाज नसतो. आतून ५० × ७० सेंमी मापाची फ्रेम घ्या. जाळीचा ताण दर सेंटिमीटरला २५ न्यूटन असेल, तर ७० सेंमीच्या प्रत्येक बाजूवर १७५० न्यूटन ओढ येते. म्हणजे साधारण १७८ किलो वजन ती पट्टी रात्रंदिवस आत खेचत असतं. पट्टी किंचित तरी वाकतेच. ती जेवढी आत येते तेवढी जाळी मधल्या भागात सैल पडते आणि कोपऱ्यांत घट्ट राहते.

वाकण्याचा हिशेब लांबीच्या चौथ्या घाताने चालतो. ताण तोच ठेवून बाजूची लांबी दुप्पट केली तर वाक सोळा पट होतो. त्यामुळे लहान फ्रेमला पुरलेली पट्टी मोठ्या फ्रेमला तशीच वापरून चालत नाही. शिवाय ही ओढ जाळीच्या पातळीत, आतल्या दिशेने असते. वरून बघताना पट्टीची जी रुंदी दिसते, मुख्यतः तीच वाक रोखते. उंची वाढवून त्या मानाने थोडाच फायदा होतो. लाकडी फ्रेम करताना पट्टी उभी लावावी की आडवी, याचं उत्तरही यातच आहे: रुंद बाजू आडवी.

ताण कमी असला की छपाईत काय बिघडतं? स्क्विजी, म्हणजे शाई जाळीतून दाबणारी रबरी पट्टी, पुढे गेल्यावर जाळीने कापडावरून लगेच सुटायला हवं. ढिली जाळी चिकटून राहते, शाई फासली जाते, कडा अस्पष्ट येतात. मग कारागीर ऑफ-कॉन्टॅक्ट, म्हणजे जाळी आणि कापड यांच्यातलं अंतर, वाढवतो. कापडाच्या कामात हे अंतर दीड ते तीन मिलिमीटर पुरतं. ते तीनवरून सहा केलं की स्क्विजीखाली जाळी जी जास्तीची ताणली जाते ती चौपट होते. डिझाइन तेवढं लांबतं, आणि प्रत्येक स्क्रीनवर, म्हणजे जाळी बसवलेल्या फ्रेमवर, वेगवेगळं लांबतं. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांशी जुळणी, इथेच हातातून जातं.

आता लाकडी फ्रेम. स्वस्त, हलकी, हाताशी असलेल्या अवजारांनी करता येते. एका रंगाचं काम, जाड अक्षरं, पिशव्या, साधी पोस्टर, नवशिक्यांचा सराव, यासाठी ती पुरते. टॅकरच्या (पिना ठोकायच्या अवजाराच्या) पिनांनी किंवा खाचेत दोरी ठोकून बसवलेल्या जाळीला १० ते १५ न्यूटन (इथून पुढेही दर सेंटिमीटरला) ताण मिळतो. त्याहून जास्त ओढायला गेलं की पिनेपाशी धागा तुटतो. पिना धाग्याला समांतर न मारता तिरक्या माराव्यात, म्हणजे एका पिनेचा भार अनेक धाग्यांवर पडतो. पिनेखाली कापडी फीत ठेवली तर जाळी फाटायची भीती आणखी कमी.

लाकडाचा खरा शत्रू पाणी. स्क्रीन धुणं, इमल्शन (डिझाइन धरणारा, प्रकाशाने कडक होणारा लेप) काढणं, तो पुन्हा लावणं म्हणजे कोट करणं यात प्रत्येक फ्रेम वारंवार भिजते. लाकूड लांबीच्या दिशेने जवळपास फुगत नाही, पण रुंदीत फुगतं. त्यामुळे ४५ अंशांत कापलेला कोपरा भिजला की बाहेरच्या बाजूने उघडतो आणि जास्त वाळला की आतल्या बाजूने. असं काही वेळा झालं की सांध्यातला गोंद सुटतो. त्या फटीत इमल्शन आणि शाई शिरते आणि पुढच्या कामात ठिपक्यांच्या रूपात बाहेर येते. त्याहून वाईट म्हणजे पीळ. चारपैकी एक कोपरा वर उचलला गेला की जाळीचं कापडापासूनचं अंतर एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर आणि समोरच्या कोपऱ्यात पाच होतं. पीळ बसलेली फ्रेम सरळ करायच्या नादी लागू नये, ती बाद करावी.

लाकडीच वापरायची असेल तर पूर्ण वाळवलेलं, गाठी नसलेलं, सरळ रेषांचं लाकूड घ्यावं. जाळी बसवण्याआधी पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन-तीन हात द्यावेत. कापलेल्या टोकांना एक हात जास्त, कारण पाणी तिथूनच सर्वात वेगाने शिरतं. पिना मारल्यावर त्या भोकांवरही व्हार्निश लावावं. धुतलेली फ्रेम भिंतीला तिरकी टेकवून वाळवू नये, सपाट रॅकवर आडवी ठेवावी.

बहुतेक शॉपसाठी योग्य निवड म्हणजे वेल्डिंग केलेली ॲल्युमिनियमची पोकळ चौकोनी फ्रेम. पाण्याने फुगत नाही, कोपरे हलत नाहीत, वजन बेताचं, आणि चिकटवलेल्या जाळीला २० ते ३० न्यूटन ताण सहज धरते. पण ‘ॲल्युमिनियम आहे ना’ एवढ्यावर समाधान मानू नये. पातळ पत्र्याची फ्रेम ताण चढवताना डोळ्यांदेखत आत येते. सरळ पट्टी तिच्या बाजूला लावली की मधली फट दिसते. ३८ मिमी रुंदीची, दीड ते दोन मिमी जाडीच्या भिंतीची नळी मध्यम मापांना ठीक. मोठ्या मापाला रुंदी वाढवावी, किंवा बाजू मुद्दाम बाहेर फुगीर ठेवलेल्या फ्रेम घ्याव्यात. ताण चढल्यावर त्या सरळ होतात.

घेताना चार गोष्टी तपासाव्यात. जाड काचेवर फ्रेम ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. टकटक असा आवाज आला, किंवा एका कोपऱ्याखाली कागदाची पट्टी सहज सरकली, तर ती सपाट नाही. दोन्ही कर्ण मोजा. फरक असला तर ती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. जाळी चिकटते ती बाजू खरखरीत केलेली हवी, पण आतली कड बोथट, नाहीतर ताणलेली जाळी तिथेच कापली जाते.

चौथी तपासणी वेल्डिंगची, आणि हिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण हा दोष फार उशिरा कळतो. वेल्डमध्ये सुईएवढं छिद्र राहिलं की धुताना नळीच्या पोकळीत पाणी शिरतं. वरून फ्रेम कोरडी दिसते. तिच्यावर इमल्शन लावून अंधाऱ्या खोलीत आडवी वाळत ठेवली की कोपऱ्यातून एक थेंब हळूच जाळीवर उतरतो. ओल्या इमल्शनवर त्याचा ओघळ जातो, एक्स्पोजर झाल्यावर, म्हणजे प्रकाश दिल्यावर, तो भाग नीट कडक होत नाही, आणि धुताना डिझाइनचा तेवढा तुकडा निघून जातो. आपण मात्र दोष इमल्शनला देत बसतो. नवी फ्रेम पाण्याच्या टाकीत बुडवून धरा. कोपऱ्यातून बुडबुडे आले तर छिद्र आहे. जुनी फ्रेम कानाजवळ हलवली तर आतलं पाणी ऐकू येतं.

ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा चालत नाही. डाग काढायच्या काही रसायनांत तो असतो. तो फ्रेमवर राहिला की धातूला खड्डे पडतात आणि पुढच्या वेळी गोंद नीट धरत नाही. असं रसायन वापरलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं.

जाळी पुन्हा बसवण्याची पद्धतही सांभाळायला हवी. जुना गोंद ग्राइंडरने पूर्ण काढा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करा, ॲसिटोनने तेलकटपणा पुसा आणि मग बोट लावू नका. ताण एकदम चढवू नका. थोडा चढवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पॉलिस्टरचे धागे सैलावतात, मग पुन्हा हव्या आकड्यापर्यंत न्या. गोंद लावताना जाळी फ्रेमला सगळीकडे टेकलेली हवी, गरज पडली तर कडेने वजनं ठेवा. गोंद पूर्ण धरेपर्यंत जाळी ताणणारे क्लॅम्प सोडायचे नाहीत. सुटल्यावर पहिल्या दिवसभरात ताण उतरतोच, म्हणून टेन्शन मीटरवर (ताण मोजायच्या उपकरणावर) २५ हवे असतील तर चिकटवताना त्यापेक्षा काही न्यूटन जास्त ठेवावे लागतात. अर्थात जाळीच्या नंबराला झेपतील तेवढेच. ४३ टी (सेंटिमीटरला ४३ धागे) जाळीचे जाड धागे जे सहन करतात ते १२० टीचे बारीक धागे सहन करत नाहीत.

चिकटवलेल्या फ्रेमची मर्यादा हीच: उतरलेला ताण परत चढवता येत नाही. रोलर फ्रेम नेमकी इथे कामाला येते. न्यूमनच्या नावाने ओळखली जाणारी फ्रेम या प्रकारातली. बाजू म्हणजे गोल नळ्या, त्यांच्या खाचेत जाळी पट्टीने अडकवायची आणि पाना लावून नळी फिरवायची. दर वापरानंतर, इमल्शन काढल्यावर, पुन्हा ताण द्यायचा. तीन-चार फेऱ्यांनंतर धागे स्थिर होतात आणि मग ताण फारसा उतरत नाही. ३५ न्यूटनच्या पुढेही जाता येतं. बारीक ठिपक्यांचं फोटोसारखं काम रोज असेल तर फरक छापलेल्या कापडावर दिसतो.

पण ही फ्रेम शिस्त मागते. कोपऱ्यात जाळी थोडी सैल सोडूनच अडकवावी लागते. दोन्ही दिशांची ओढ तिथे एकत्र येते आणि फाटायला सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. ताण दिल्यावर फ्रेम सपाट टेबलावर ठेवून पीळ काढायचा आणि मगच बोल्ट पक्के करायचे. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले की ॲल्युमिनियममधले आटे जातात. खाचेत शाई साचते. लालनंतर पांढरा छापायचा असेल तर खाच साफ केलीच पाहिजे. डिझाइन एक्स्पोज केलेल्या स्क्रीनचा ताण मात्र कधीही वाढवू नये. जाळीबरोबर डिझाइनही ताणलं जातं आणि बाकीच्या रंगांशी ते परत जुळत नाही. टेन्शन मीटर नसेल आणि तो रोज वापरणारा माणूस नसेल तर रोलर फ्रेम घेऊ नये. त्यापेक्षा चांगली चिकटवलेली फ्रेम बरी.

स्टीलबद्दल थोडक्यात. त्याच आकाराची स्टीलची नळी ॲल्युमिनियमच्या एक तृतीयांशच वाकते, पण वजन जवळजवळ तिप्पट, आणि रंग उडाला की गंज. मोठ्या मापाच्या, जागेवरून फारशा न हलणाऱ्या स्क्रीनला ती शोभते. हाताने उचलून धुवायच्या फ्रेमला नाही.

माप ठरवताना डिझाइनभोवती मोकळी जागा धरा. स्क्विजी ज्या दिशेने चालते त्या दोन्ही टोकांना १५ सेंमी, बाजूंना सात-आठ सेंमी. त्याहून जवळ गेलं की फ्रेमच्या कडेपाशी जाळी ताठ लागते, दाब जास्त द्यावा लागतो आणि शाई कमी-जास्त उतरते. २३ × ३१ इंचांच्या फ्रेमला ३८ मिमीची नळी असेल तर आतून साधारण ५१ × ७१ सेंमी जागा राहते, म्हणजे ३५ × ४० सेंमीचं डिझाइन आरामात बसतं. टी-शर्टच्या बहुतेक कामाला हे एकच माप पुरतं.

आणि शक्यतो एकच माप ठेवावं. उंची, नळीची रुंदी, जाळी बसवायची पद्धत, सगळं सारखं. एकाच कामात दोन लाकडी आणि दोन ॲल्युमिनियमच्या फ्रेम आल्या की प्रत्येक रंगाला ऑफ-कॉन्टॅक्ट वेगळा लावावा लागतो. एका कामातल्या सगळ्या स्क्रीनचा ताण एकमेकांपासून दोन-तीन न्यूटनच्या आत असावा. सगळ्या २० वर असलेल्या चालतील, पण एक ३० आणि एक १५ चालणार नाही.

किती फ्रेम लागतील? दिवसाला चार कामं, सरासरी तीन रंग, म्हणजे रोज १२ स्क्रीन. छापून झालेली स्क्रीन साफ होऊन, कोट होऊन, वाळून पुन्हा हाताशी यायला दोन दिवस लागत असतील तर १२ छपाईवर आणि २४ वाटेत, एकूण ३६. फाटलेल्या आणि पुन्हा येणाऱ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या चार-सहा त्यावर.

प्रत्येक फ्रेमच्या कडेला पुसला न जाणारा क्रमांक टाका आणि वहीत त्यापुढे जाळीचा नंबर, ती बसवल्याची तारीख आणि ताण लिहा. ताण मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांजवळ, उभ्या आणि आडव्या दोन्ही धाग्यांच्या दिशेने मोजायचा. मधला आकडा १५ च्या खाली गेला की ती फ्रेम रंगीत कामातून काढायची आणि नव्या जाळीसाठी बाजूला ठेवायची.