एकाच आडनावाच्या दोन फायली

17 ऑक्टोबर 2023 हा मंगळवार होता आणि नवरात्राची तिसरी माळ. दिवसाचा रंग लाल म्हणून माझ्या नगरच्या दवाखान्यातल्या दोघी मदतनीस लाल साड्या नेसून आल्या होत्या. त्याच सकाळी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला होता आणि बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर दिवसभर तीच बातमी फिरत होती. त्या दिवशी आलेल्या कुटुंबाविषयी लिहिताना ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत.

दुपारी तालुक्याच्या गावाहून एक शाळामास्तर, त्यांच्या पत्नी आणि एकोणीस वर्षांचा धाकटा मुलगा आले. गाडी चालवत आलेला मोठा मुलगा बाहेरच थांबला. "डॉक्टर मॅडम, ह्याच्यात काही कमी आहे का, तेवढं तपासून सांगा," मास्तरांनी बसता बसताच सांगितले. मुलाने महाविद्यालयाच्या गॅदरिंगमध्ये नऊवारी नेसून लावणी केली होती आणि त्याची चित्रफीत गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचली होती. लोक त्याला बायल्या म्हणू लागले होते. मास्तरांनी सहा महिने पहाटे उठवून त्याला तालमीत धाडले होते. आईने देवऋषीला विचारले, तर दोन वर्षे कुलदैवताला गेला नाहीत म्हणून कोप झाला आहे, असे त्याने सांगितले आणि मुलाच्या मनगटाला काळा दोरा बांधला.

येथे एक कबुली द्यायला हवी. त्याची चाल, बोलताना फिरणारे हात आणि लांब राखलेली नखे पाहून, तो खुर्चीत टेकण्यापूर्वीच मी मनाशी निष्कर्ष काढून ठेवला होता. इतक्या वर्षांच्या सरावानंतरही गावच्या पारावर बसणाऱ्यांपेक्षा माझे डोळे फारसे वेगळे पाहत नव्हते.

आईवडिलांना बाहेर पाठवून मी त्याच्याशी बोलले. "मॅडम, मला नाचायला आवडतं, रांगोळी काढायला आवडते. तुम्ही विचारताय तसं काही नाही. वर्गातली एक मुलगी आहे, पण ती माझ्याशी फक्त रंगांबद्दल बोलते," असे म्हणून तो इतका लाजला की मलाच हसू आले. यातले काय सांगितलेले चालेल, हे त्याला विचारून घेतले आणि मग आईवडिलांना आत बोलावले. मुलगा निरोगी आहे, त्याला आवडते ते करू द्या, आणि तुम्हाला ज्याची शंका आहे तसा तो असता तरी तो आजार ठरला नसता, असे मी सांगितले. त्यांनी त्यातला पहिला भाग तेवढा ऐकला.

"आपल्या धर्मात हे बसतच नाही," मास्तर म्हणाले. कुलदैवत कोणते, असे मी आईंना विचारले. नेवाशाचा मोहिनीराज, असे त्यांनी सांगितले. अमृत वाटण्यासाठी विष्णूने घेतलेल्या स्त्रीरूपाची कथाही त्या सांगू लागल्या आणि सांगता सांगता स्वतःच थांबल्या. गोव्यात म्हार्दोळची म्हाळसा हे त्याच मोहिनीचे रूप मानतात आणि त्या देवीच्या गळ्यात जानवे असते, अशी भर मी घातली. मास्तरांनी ते क्षणभर तोलून पाहिले आणि म्हणाले, "देवाचं वेगळं असतं."

खरे तर असे दाखले मी जपूनच वापरते. मनुस्मृतीच्या एका श्लोकात द्विजाने पुरुषाशी संग केल्यास अंगावरच्या वस्त्रांसह स्नान एवढेच प्रायश्चित्त सांगितले आहे, तर इंग्रजांनी 1860 साली केलेल्या दंडसंहितेच्या 377व्या कलमात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती, आणि प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्द व्हायला 2018 उजाडले, हे कोणालाही दाखवता येते. पण कुमारिकेशी असा संबंध ठेवणाऱ्या स्त्रीची बोटे छाटावीत, असेही तीच स्मृती सांगते. पोथीतून हवे ते काढणारी मी एकटीच नाही.

कुटुंब समाधानाने बाहेर पडले. "ह्याचीच काळजी होती हो. मोठ्याचं काही बघावं लागत नाही," आई जाता जाता म्हणाल्या. मोठा अठ्ठावीस वर्षांचा, जाड मिशांचा, कबड्डी खेळलेला, गावात दूध संकलन केंद्र चालवणारा. त्याचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते आणि मंडळी तेथून बस्त्यासाठी कापड बाजारात जाणार होती.

संध्याकाळी सहाच्या सुमारास तोच मोठा मुलगा एकटा परत आला. गाडी लावायच्या निमित्ताने तो दुकानातून निघाला होता. धाकट्याने वाटेत त्याला माझे वाक्य सांगितले होते, 'तसा असता तरी आजार नाही' हे. बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटशी चाळा करून तो म्हणाला, "मॅडम, तसा मी आहे." आणि मग, "लोक धाकट्याला हसायचे तेव्हा मीही हसलोय. त्याच्याकडे बघत होते म्हणून माझ्याकडे कोणी बघितलं नाही."

यावर इंजेक्शन असते का, असे त्याने विचारले. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली ती 'बरी' करण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, हे मी सांगितले. तो म्हणाला, "आमच्यासारख्यांना लग्न करता येत नाही, हे आज टीव्हीवर ऐकलं. पण करायला लावता येतं ना?"

घरी काही सांगण्याची घाई करू नकोस, पण त्या मुलीला अंधारात ठेवून बोहल्यावर चढू नकोस, एवढे मी स्पष्टपणे सांगितले. कारण न देताही लग्नाला नकार देता येतो, असेही म्हटले. त्याचे उत्तर तयारच होते: "साखरपुडा झालाय. मी कारण दिलं नाही, तर लोक तिच्यातच खोट काढतील." माझ्याकडे यावर काही नव्हते. नकाराचा दोष स्वतःकडे कसा घेता येईल, घरातले कोण आधी ऐकून घेईल, याच्यावर आम्ही तासभर बोलत राहिलो. कोण ऐकेल, या प्रश्नावर त्याने धाकट्याचे नाव घेतले.

तेवढ्यात आईचा फोन आला. शालू पसंत केला होता, रंग बघायला त्याला बोलावत होत्या. "आलोच," म्हणून तो उठला आणि पुढच्या मंगळवारची वेळ घेऊन गेला. मी त्याची नवी फाइल केली. धाकट्याच्या फायलीवरही आडनाव तेच, आणि मास्तर त्याच्यासाठी पुन्हा येणार होते. म्हणून ही फाइल बाहेरच्या कपाटात न ठेवता माझ्या खणात ठेवायची आणि या नावाचा फोन आला तर थेट मलाच द्यायचा, असे मी मदतनिसांना सांगितले.